ग्राफिक्स कार्ड : मोठे कोणते, आपले कोणते?



संगणक घेताना मुलगा म्हणतो, मोठे ग्राफिक्स कार्ड हवे. बाप म्हणतो, स्वस्तातले घे. हा तंटा आकड्यांनीच मिटवू.

२०१९ साली एन्व्हिडिया कंपनीची दोन कार्डे निघाली : जीटीएक्स १६५० आणि जीटीएक्स १६६०. पहिल्यात ८९६ गणनकेंद्रे, दुसऱ्यात १४०८. अनेक हात एकाच वेळी कामाला लावावयाचे, हे त्यांचे तत्त्व. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ उभारला तोही याच तत्त्वावर.

आपल्या सोलापूरचे माग डोळ्यांसमोर आणा. माग वाढविले, पण सूत वेळेवर आले नाही, तर ते उभेच राहतात. कार्डात सूत पुरविते ती स्मृती. १६५० ची स्मृती ४ जीबी, सेकंदाला १२८ जीबी पुरविणारी. १६६० ची ६ जीबी, १९२ पुरविणारी. म्हणजे माग आणि सूत, दोन्ही सुमारे दीडपट.

मग मुलगा जिंकला? थांबा. १६६० ला वीज १२० वॅट लागते, १६५० ला ७५. मदरबोर्डाच्या खाचेतून ७५ च मिळते. वरच्या विजेसाठी वेगळी तार हवी. जुनी पॉवर सप्लायची पेटी ती देत नसेल, तर तिचाही खर्च आला.

लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्याला हा खर्च परवडेल. मराठी-कानडी पत्रिका जुळविणाऱ्याला दोन्ही कार्डे नकोत. संगणकाच्या अंगचे चित्रसामर्थ्य पुरे. म्हणून दुकानात आधी आपले काम सांगा, कार्डाचे नाव नंतर.