आजीची इरकल, दहा पोस्टकार्डं आणि आत्याचा फोन

आजचा भाग जरा घरगुती आहे. सुरुवातीलाच कबूल करतो, यात मी एक साडी कापलीय. आजीची.

आजी जाऊन दोन वर्षं झाली. तिची एक हिरवी इरकल ट्रंकेत होती. नऊवारी, तांबडा पदर. घड्यांवर विरलेली, त्यामुळे नेसायची सोयच नाही. आई म्हणाली, गोधडी शिवून घेऊ. पण गोधडी होणार एक आणि आम्ही नातवंडं नऊ! कोणी नाशिकला, कोणी पुण्यात, एक ताई बंगळुरूला. शिवाय बेळगावची आत्या. गोधडी राहणार कुणाकडे? म्हणून मी ठरवलं, साडीची पोस्टकार्डं करायची. कापडाची, पण पोस्टानं जाणारी.

आता कसं केलं ते सांगतो, कारण हे तुम्हालाही जमेल.

कार्डाला तीन थर लागतात. मध्ये कडक बकरम, शर्टाच्या कॉलरमध्ये असतं ते. टेलरिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतं. वर साडीचा तुकडा, खाली मांजरपाट, पत्ता लिहायला. सहा बाय चार इंचांचे तुकडे कापले. साडी विरलेली असल्यामुळे आधी तिला मागून इस्त्रीनं चिकटणारं फ्यूजिंग लावलं, नाहीतर सुई टोचली की कापड फाटतं. मग तिन्ही थर धावदोऱ्यानं जोडले, गोधडीला घालतात तसेच टाके. कडा मशीनवर झिगझॅगनं छान होतात, पण आमचं जुनं काळं मशीन फक्त सरळ टीप मारतं. म्हणून हातानं काजटाका घातला. एका कार्डाला दीड तास. पहिल्याला चार लागले, ते सोडा.

मणी, टिकल्या, बटणं लावायचा मोह होईल. लावू नका. कार्ड गठ्ठ्यात दाबलं जातं, त्यावर शिक्का बसतो. सपाट असेल तेच नीट पोचतं.

तिकिटाचं काय? पोस्टाचं साधं कार्ड पन्नास पैशांना मिळतं, ते १४ बाय ९ सेंटीमीटरचं. आपलं त्याहून मोठं आणि जाड, म्हणून मी पत्राचं तिकीट लावलं, पाच रुपयांचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कार्ड चौदा ग्रॅम भरलं होतं. तरी पहिलं कार्ड काउंटरवर दाखवून विचारून घ्या. आणि तिकिटाचा डिंक कापडावर धरत नाही, चारी कडांना फेव्हिकॉल लावा.

आधी एक कार्ड मी स्वतःलाच पाठवलं. जुलै महिना. पाच दिवसांनी आलं, आणि जेल पेनची शाई अशी पसरलेली की माझं नाव म्हणजे निळा डाग! पोस्टमनकाका ओळखीचे म्हणून मिळालं. त्यानंतर पत्ते कापडावर लिहायच्या पर्मनंट मार्करनं लिहिले.

मग दहा कार्डं टाकली, पाकिटाशिवाय, उघडी. आठवड्याभरात फोटो यायला लागले. नऊ पोचली. आत्याचं नाही.

आणि आत्या आधीच रागावलेली. ग्रुपवर फोटो बघून तिनं फोन केला होता, "आईची साडी कापलीस? मला विचारायचं तरी!" तिच्या कार्डासाठी मी मुद्दाम पदराचा सगळ्यात चांगला तुकडा ठेवला होता. तोच गेला.

कुणाला दोष देणार होतो, तेवढ्यात पोस्टात टाकण्याआधी काढलेला फोटो पाहिला. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे मीच उलटे लिहिले होते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्यातले शेवटचे तीन आकडे सांगतात की पत्र नेमक्या कुठल्या पोस्टातून वाटायचं. म्हणजे आत्याचं कार्ड भलत्याच पोस्टात. मागे माझा पत्ताही लिहिला नव्हता, त्यामुळे परत येणार कसं? तुम्ही हे दोन्ही तपासा, प्लीज.

त्या दिवशी खूप वाईट वाटलं. पाकिटात घातलं असतं तर? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये बायका रेशमी जाळीवर भरतकाम करून कार्डं बनवायच्या, सैनिक ती घरी पाठवायचे. पण बहुतेक वेळा पत्रासोबत, आत घालून. नाजूक आणि महाग म्हणून. त्यांना कळलं ते मला कळलं नाही. पण खरं सांगू? पाकीट असतं तरी चुकीचा पिनकोड चुकीचाच राहिला असता.

पदर तर संपला होता. उरला होता एक तुकडा, रफू केलेला, मी खराब म्हणून बाजूला टाकलेला. त्याचंच कार्ड केलं, पिनकोड तीनदा वाचला आणि पाठवलं.

सहाव्या दिवशी आत्याचा फोन. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हे रफू आईच्या हातचं आहे. चुलीची ठिणगी उडाली होती. मी समोर बसले होते."

मला माहीतच नव्हतं. मी तो तुकडा टाकून देणार होतो.

नंतर तिनं विचारलं, "अजून काही उरलंय का? असेल ते पाठव. आणि ऐक, पाकिटात घालून पाठव!"

पाठवलं. स्पीड पोस्टनं.

तर मंडळी, तुमच्या घरातही एखादी ट्रंक असेल. कापायच्या आधी घरातल्यांना विचारा, हे मी करायला हवं होतं. आणि डाग, ठिगळ, रफू असलेला तुकडा बाजूला टाकू नका. तोच कुणाला तरी ओळखू येतो.

कार्ड केलंत तर मला जरूर सांगा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!