कापसाचा भाव आणि घरचा हिशेब

१९२९ सालच्या जागतिक मंदीची झळ जळगांवच्या कापूस-बाजारांतून खानदेशच्या खेड्यांतील चुलीपर्यंत पोहोंचली. भाव जवळजवळ निम्म्यावर आले. सारा व सावकाराचें व्याज मात्र रोख रुपयांत ठरलेलें, तें तसूभरही हललें नाहीं. गाडीभर कापसांत फिटणाऱ्या देण्यास दोन गाड्या लागूं लागल्या. पाटल्या गहाण पडल्या.

पुढें भाव हळूहळू चढला. बाजार सांवरला, असें म्हणणें सोपें. परंतु चढलेला पैसा घरीं येण्यापूर्वींच सावकाराच्या वहींत जमा होई. डिसेंबर १९३६ मध्यें फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनानें, खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच, सारा व कर्ज यांत सवलत मागितली. मुंबई प्रांताचा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा १९३९ चा. तोंवर दहा वर्षें उलटलीं होतीं, आणि घरधनिणीच्या हातीं काचेच्याच बांगड्या होत्या.