काळ्या पाषाणातील लोखंड

(पोहरादेवी येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले भाषण)



पोहरादेवीच्या परिसरातील काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेला आहे. त्यात लोखंड आहे, असे आपण वर्गात सांगतो. मग एखादा चौकस मुलगा विचारतो, "गुरुजी, त्याचा विळा का होत नाही?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, धातुविज्ञानाचे मर्म त्यातच आहे.

धातू असणे आणि तो मुक्त स्थितीत असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. लोखंडाचा प्राणवायूशी सहज संयोग होतो. म्हणून पाषाणात ते संयुगरूपानेच वसते. सोन्याचा तसा होत नाही. त्यामुळे २००१ साली बंद झालेल्या कोलारच्या खाणीत गारेच्या शिरांमधून सोने धातुरूपातच सापडे. रुपे व तांबे यांचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे; ती कधी मुक्त, परंतु बहुधा धातुकांच्या रूपात आढळतात.

तथापि लोखंडही क्वचित मुक्त सापडते. ग्रीनलंडच्या डिस्को बेटावर १८७० साली नॉर्डेनशल्ड या संशोधकास लोखंडाचे प्रचंड गोळे आढळले. ते आकाशातून पडलेले असावेत, असा त्याचा समज झाला. पुढे तसलेच लोखंड तेथील काळ्या पाषाणाच्या पोटात असल्याचे दिसून आले. वर चढणारा शिलारस कार्बनयुक्त थरांतून गेला. कार्बनने प्राणवायू ओढून घेतला आणि लोखंड सुटे झाले. पोलादाच्या कारखान्यातील झोतभट्टीत कोक हेच कार्य करतो. भूगर्भात मात्र असा योग फार विरळा.

हा भेद मुलांना हाताने दाखविता येतो. ओढ्याची वाळू उन्हात वाळवावी व कागदात गुंडाळलेले लोहचुंबक तीतून फिरवावे. चिकटलेले काळे कण प्रामुख्याने मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंड व प्राणवायू यांच्या संयुगाचे असतात. ते जाड कागदाच्या पुडीत घालून शिक्षकांनी स्वतः हातोडीने ठेचावेत. त्यांचा चुरा होईल. मग लोखंडी चूक ठेचावी. ती चपटी होईल.

याच कसोटीने फसवणूकही टळते. सोने म्हणून दाखविलेला चकाकता पिवळा खडा पुष्कळदा लोखंड व गंधक यांचे संयुग असलेला पायराइट असतो. ठेचताच त्याचा चुरा होतो. सोने मात्र पसरते. खेड्यातील गरीब माणसाचा कष्टाचा पैसा एवढ्याशा ज्ञानाने वाचू शकतो. हे ज्ञान शाळेतून घरोघरी पोहोचवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.