केसपेपरवरचा पत्ता



१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांना. पुण्यात राहून त्यांना तिथलं दुःख आपलं वाटलं. तेव्हा अमेरिकेतल्या मुलांबद्दल आज इथे बोलायला मला संकोच वाटत नाही. तिथली गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली. माणसांच्या शरीरातून ती गेली का, हे मला तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर पाहायचं आहे.

रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापले. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन ३४४६ ग्रॅम भरलं. आफ्रिकेत जन्मून तिथे गेलेल्या आयांच्या बाळांचं ३३३३. आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांचं ३०८९. दोष रक्तात असता, तर थेट आफ्रिकेतून आलेल्या आयांची बाळं सगळ्यांत हलकी भरायला हवी होती. ती तर गोऱ्या बाळांच्या जवळ आली! पुढे २००२ मध्ये याच मंडळींना दिसलं, की परदेशातून आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मुली अमेरिकेत वाढल्या आणि त्यांची बाळं मागच्या पिढीपेक्षा हलकी निघाली. एका पिढीत रक्त बदलत नाही. बदललं होतं ते भोवतालचं जग. वर्षानुवर्षांचा अपमान, घर, शाळा, नोकरी यांतला दुजाभाव, पोलिसांची भीती यांनी शरीरातली ताणाची संप्रेरकं वाढलेलीच राहतात आणि त्याची झळ गर्भापर्यंत पोचते, असा या क्षेत्रातल्या अभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो.

भोवतालच्या जगाची झळ मुलांना कशी लागते ते पाहायला आता फ्लिंटकडे येतो. मिशिगन राज्यातलं हे शहर, २०१४ मध्ये सुमारे एक लाख वस्तीचं. निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय, मोटारींचे कारखाने बंद पडत गेल्याने गरिबी भरपूर. महापालिकेचा कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. पैसे वाचवायचे म्हणून एप्रिल २०१४ मध्ये शहराचं आधीचं पाणी तोडून फ्लिंट नदीचं पाणी नळाला सोडलं. नळ गंजू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन घालतात, ते घातलंच नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेले. त्यांना सांगण्यात आलं, पाणी ठीक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात जनरल मोटर्सने ते पाणी घेणं थांबवलं, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. इंजिनांना न चालणारं पाणी पुढे वर्षभर मुलं पीत राहिली. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्यांची दुधाची पावडरही त्याच पाण्यात कालवली जात होती. शिशाने मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, आणि शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

मोना हॅना-अटिशा या तिथल्या बालरोगतज्ज्ञ, इराकी आईबापांची लेक. सुरुवातीला त्यांनीही आयांना पाणी ठीक असल्याचं सांगितलं होतं. एका मैत्रिणीने सावध केल्यावर त्यांनी आपल्या रुग्णालयातल्या मुलांचे रक्ताचे जुने रिपोर्ट बाहेर काढले आणि घरांच्या पत्त्यांनुसार लावले. पाच वर्षांखालच्या मुलांत, रक्तात शिसं वाढलेल्यांचं प्रमाण २.४ वरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं. २४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी पत्रकारांपुढे आपले निष्कर्ष ठेवले. सरकारी प्रवक्त्यांनी त्यांनाच खोटं पाडायचा प्रयत्न केला. पण आकडे खरे होते, आणि ऑक्टोबरात पाणी बदलावं लागलं. २०१७ मध्ये मिशिगनच्याच नागरी हक्क आयोगाने या घटनेच्या मुळाशी व्यवस्थेत मुरलेला वर्णद्वेष असल्याचं लिहून ठेवलं.

याचा अर्थ आमचा डॉक्टरांचा धंदा धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९३९ मध्ये अलोन्झो स्मिथ आणि रोलंड स्कॉट या कृष्णवर्णीय डॉक्टरांना सदस्यत्व नाकारलं. १९४५ मध्ये ते दिलं. माफी मागितली २०२० मध्ये. ताप आलेल्या तान्ह्या मुलीची लघवी तपासायची की नाही हे ठरवताना, याच अकादमीच्या मार्गदर्शक सूचनांत मुलीचा वर्णही मोजला जात होता. कृष्णवर्णीय मुलीला धोका कमी धरलेला, म्हणून तपासणीही मागे पडण्याची शक्यता. मूत्रपिंडाला इजा व्हायची, तर ती अशाच उशिराने होते. ती सूचना २०२१ मध्ये मागे घेतली. त्याआधी, २०१९ मध्ये, अकादमीने वर्णद्वेष मुलांच्या आरोग्याला घातक असल्याचं निवेदन काढलं होतं. उशिरा आलेलं हे शहाणपण मी मोलाचं मानतो, कारण चूक कबूल करून सूत्र बदलणं आमच्या व्यवसायात फार अवघड जातं.

या सभागृहात माझे अनेक तरुण सहकारी बसले आहेत. तुमच्या प्रत्येक केसपेपरवर नाव आणि वयाखाली पत्त्याची ओळ असते. आपण ती सहसा वाचत नाही. उद्या सकाळी ओपीडीत पहिलं मूल येईल, तेव्हा ती ओळ वाचा, आणि त्या पत्त्यावर नळाला कसं पाणी येतं ते त्याच्या आईला विचारा.