बाळंतविडा : जन्माआधीची सिद्धता



जैन घरात पाणी गाळण्याच्या कापडाची किती निगा राखली जाते, हे नायगावच्या श्रावक-श्राविकांना सांगण्याची आवश्यकता नाही. ते दुपदरी असते, स्वच्छ धुतलेले असते आणि दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरले जात नाही. परंतु त्याच घरात बाळ जन्मते, तेव्हा त्याला गुंडाळण्यासाठी पुष्कळदा ऐनवेळी हाती लागेल ते फडके पुढे येते. यामागे दारिद्र्य नसते, कंजूषपणाही नसतो. ‘आधी काही आणू नये, दृष्ट लागते’ ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

ही भीती उगीच निर्माण झालेली नाही. घरोघरी तान्ही बाळे दगावत होती, त्या काळात शिवून ठेवलेले झबले पाहणे आईला असह्य होत असे. तेव्हा शिवूच नये, असा रिवाज पडला. त्यातील दुःखाचा आदर अवश्य करावा. पण त्या रिवाजाला धर्माचा आधार आहे असे मानू नये.

आधार आहे तो उलट बाजूने. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त गर्भान्वयाच्या त्रेपन्न क्रिया सांगितल्या आहेत. आधान, प्रीती, सुप्रीती, धृती आणि मोद या पहिल्या पाच क्रिया जन्मापूर्वीच्या. जन्माची ‘प्रियोद्भव’ ही क्रिया सहावी. येणाऱ्या जिवाची दखल पाच वेळा घेतल्यावर मग त्याचे स्वागत! ज्या राष्ट्रकूटांच्या काळात हा ग्रंथ रचला गेला, ते स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत आणि ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे अभ्यासक मानतात. त्यांच्या वैभवाच्या खुणा जवळच्या कंधारातही आहेत. तेव्हा हा विचार कुठून दुरून आलेला नाही.

सिद्धतेचे महत्त्व सांगणारा आधुनिक दाखलाही महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रिया शिकून ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळाला ऊब देणे, वजन करणे, लवकर स्तनपान सुरू करणे, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून उपचार करणे, अशी ही कामे होती. तिथे 1993-95 मध्ये हजार जिवंत जन्मांमागे 62 नवजात बालके दगावत. 1997-98 मध्ये ते प्रमाण 25.5 वर आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि 2011 पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींत ही पद्धत आली. औषधोपचार त्यात होतेच. पण कोरडे कापड, टोपरे आणि पांघरूण यांचा वाटाही लहान नव्हता. ओले बाळ फार झपाट्याने गार पडते. डोके उघडे राहिले तर अधिकच.

दूर फिनलंडमध्ये 1938 पासून गरजू मातांना आणि 1949 पासून सर्वच मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी सरकारकडून मिळू लागली. अट एकच, गरोदरपणाच्या पहिल्या चार महिन्यांत तपासणी करून घेण्याची. आपल्याकडे बाळंतविडा होताच, मात्र तो जन्म झाल्यावर, पाहुण्यांच्या हातून येतो. तो चार आठवडे आधी बांधला की झाले.

त्यात काय असावे? दुपटी सात-आठ, कारण ती दिवसभर ओली होतात. झबली, लंगोट, टोपरी, पायमोजे, एक हलकी गोधडी. बाळाला पहिले कपडे जुनेच घालण्याची आपली चाल उत्तम आहे. वापरलेले सुती कापड मऊ असते, त्यात खळ नसते. ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे एवढेच. सूतक मानणाऱ्यांनी ते अवश्य मानावे. पण त्याचा संबंध पूजा-प्रक्षाल आणि पात्रदानाशी आहे. ‘नंतर टाकूनच द्यायचे’ म्हणून बाळ-बाळंतिणीला घरातले सर्वांत मळके कापड द्यावे, असे त्यातून निघत नाही.

काजळ, घुटी आणि मध गाठोड्यात नकोत. मद्य-मांस-मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत गणलेला असताना मधाचे बोट बाळाच्या जिभेला लावण्याची रीत काही घरांत कशी शिरली, हे नवलच आहे! वैद्यकशास्त्रही वर्षाच्या आतील बाळाला मध वर्ज्य सांगते. पहिल्या तासातच आईचे पिवळसर चिकाचे दूध पाजावे, अंघोळ निदान एक दिवस पुढे ढकलावी आणि कोरडे पुसून बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवावे. त्याहून चांगली शेगडी कोणत्याही घरात नाही.

एक गोष्ट आणखी. अडचण आली तर नायगावहून नांदेड गाठावे लागते, अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. अशा वेळी कपाटाच्या किल्ल्या शोधण्यात वेळ जातो. शास्त्रात धृतिक्रिया सातव्या महिन्यात आणि मोदक्रिया नवव्या महिन्यात सांगितली आहे. त्या दोहोंच्या मध्ये, आठव्या महिन्यात, तपासणीच्या कागदांसह हे गाठोडे बांधून दाराजवळच्या फडताळात ठेवावे आणि ते कुठे आहे हे घरातल्या पुरुषांनाही दाखवून ठेवावे.