अंबरनाथ : पायीं पाहण्याचें देऊळ

स्पेन देशांतील सेगोव्हिया शहरीं गेलेला प्रवासी रोमन लोकांनीं बांधलेल्या पाणीपुलाच्या कमानींपासून चालूं लागतो आणि जुन्या गल्ल्यांतून टेकडीच्या टोंकावरील राजवाड्यापाशीं पोंचतो. अर्ध्या दिवसांत कित्येक शतकांचा इतिहास त्याच्या पायांखालून जातो. असा योग साधण्यासाठीं मुंबईकरांनीं समुद्र ओलांडावयास नको. कल्याणच्या पुढें उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन गांवें लोहमार्गाच्या कडेनें ओळीनें वसलीं आहेत. हा मार्ग १८५६ सालीं सुरू झाला. परंतु गाडींत बसून त्या गांवांचा इतिहास दिसत नाहीं. त्यासाठीं खालीं उतरून चाललें पाहिजे.

अंबरनाथ स्टेशनाच्या पूर्वेस बाजार व चाळी मागें टाकीत सुमारें अर्धा तास चाललें म्हणजे वालधुनी नदीच्या कांठीं काळ्या दगडाचें शिवालय दिसूं लागतें. आंत शिरण्याची घाई न करितां प्रथम त्याला बाहेरून एक फेरी घालावी. भिंती सरळ नाहींत. त्या कोन करीत मागेंपुढें वळत जातात, आणि उन्हाबरोबर प्रत्येक कोनाची सावली सरकत राहते. तळाशीं हत्तींची रांग, वर शंकराचीं नाना रूपें, ब्रह्मदेव, देवी व नर्तकी. शिखराची धाटणी सिन्नरच्या गोंदेश्वरासारखी, म्हणजे भूमिज पद्धतीची आहे. मात्र त्याचा वरचा भाग आज शिल्लक नाहीं.

सभामंडपांत आल्यावर कोरीव खांब व छताचें नक्षीकाम पाहून मान दुखूं लागते. तेथून गाभाऱ्यांत जाण्यासाठीं वर चढावयाचें नाहीं, तर पायऱ्या उतरून खालीं जावयाचें आहे. खालीं पिंडीपाशीं उभें राहून वर पाहावें, तों माथ्यावर मोकळें आकाश! अंबरनाथ ह्या नांवाचा अर्थ तेथें निराळा सांगावा लागत नाहीं.

उत्तरेकडील दाराच्या तुळईवर, आंतल्या बाजूस, एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तो ९८२ असल्याचें दाखविलें. एका आंकड्यानें देवळाचें वय दोनशें वर्षांनीं कमी झालें. शक ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. त्या वेळीं उत्तर कोंकणांत शिलाहार मुम्मुणि राज्य करीत होता. त्याचा वडील भाऊ छित्तराज ह्यानें बांधकाम आरंभिलें असावें, असें अभ्यासक मानतात. झिजलेल्या दगडापुढें पुन्हां एकदां उभें राहण्याची तसदी कोणी घेतली, म्हणून खरा काळ हातीं आला.

देवळाहून उल्हासनगर फार दूर नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत येथें लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना तिच्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून त्याला नांव मिळालें. तेथील वस्त्या आजहि कँपच्या क्रमांकांनीं ओळखल्या जातात. छावणी गेली, तरी तिची खूण बोलण्यांत राहिली.

दिवस हातीं उरला तर गाडीनें बदलापुरास जाऊन उल्हास नदीचा कांठ गांठावा. येथें घोडे बदलीत, म्हणून गांवाला हें नांव पडलें, असें लोक सांगतात.

परततांना मात्र वालधुनीकडे डोळेझांक करूं नये. ज्या नदीच्या कांठीं शिलाहारांनीं देवस्थान उभारलें, तिच्यांतून आज कारखान्यांचें व वस्तीचें सांडपाणी वाहतें. साडेनऊशेंहून अधिक पावसाळे सोसलेल्या दगडाला पुरातत्त्व खात्याचें संरक्षण आहे. पायथ्याशीं वाहणाऱ्या पाण्याचा वाली कोण? गाडींतून जाणाऱ्याला हा प्रश्न पडत नाहीं. कांठावर क्षणभर उभ्या राहणाऱ्याला तो पडल्यावांचून राहत नाहीं, आणि जितकीं माणसें तेथें पायीं जातील, तितकीं त्याचें उत्तर मागणारीं होतील.