परदेशातील मुक्काम आणि मुदतीचे भान
(मंडळाच्या उंब्रज येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरील या आपल्या उंब्रजहून एके काळी माणूस पोटासाठी मुंबईस जाई. मागाहून त्याचे आईबाप त्याच्या बिऱ्हाडी चार दिवस राहून येत. आज मुलगा न्यू जर्सीस किंवा टेक्सासमध्ये असतो. सुनेचे बाळंतपण जवळ येते आणि साठीपुढचे आईबाप विमानात बसतात. मुंबईच्या बिऱ्हाडी किती दिवस राहावयाचे हे घरातली माणसे ठरवीत. परदेशात ते तेथील सरकार ठरविते. एवढा एक भेद ध्यानी न आल्यामुळे पुढे मुलानातवंडांच्या भेटीस अंतरण्याची पाळी येते. म्हणून हा विषय आज आपणापुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा, ज्यास 'बी-२' म्हणतात, तो आपल्या लोकांस पुष्कळदा १० वर्षांचा मिळतो. म्हणून तेथे १० वर्षे राहता येते असे नव्हे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहावयाचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवितो. त्याची नोंद 'आय-९४' या नावाने होते आणि ती संगणकावर पाहता येते. ही मुदत साधारणतः ६ महिन्यांची असते. पतिपत्नींची नोंद वेगवेगळी असते, म्हणून दोघांच्याही तारखा उतरल्याबरोबर पाहून कागदावर लिहून ठेवाव्या.

मुक्काम लांबविण्यास खरे कारण असेल, तर कायद्याने मार्ग मोकळा ठेविला आहे. 'आय-५३९' या नमुन्यात तेथील नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे अर्ज करावा लागतो. तो मुदत संपण्यापूर्वी खात्यास पोहोचलाच पाहिजे. किमान ४५ दिवस आधी करावा असे खातेच सांगते. पत्नीचे नाव त्याच अर्जास पुरवणी जोडून घालता येते. वाढीव मुदत फार तर ६ महिन्यांची मिळते.

अर्जात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अधिक राहण्याचे कारण काय, तेवढ्या काळाचा खर्च कोण सोसणार, आणि परत केव्हा व कसे जाणार. डॉक्टरांचे पत्र, मुलाच्या उत्पन्नाचा दाखला, परतीचे तिकीट, गावाकडील घर, जमीन वा निवृत्तिवेतन यांचे कागद सोबत जोडावेत. पासपोर्टही मागितलेल्या तारखेपर्यंत चालू असला पाहिजे. 'मुलांकडे करमते' हे कारण मनाला पटले तरी अधिकाऱ्यास पटत नाही. तसेच पर्यटकाने तेथे पगाराचे काम मुळीच करू नये.

अर्ज वेळेत आणि प्रामाणिकपणे केला असेल, तर निकालाची वाट पाहण्याचे दिवस बेकायदा वास्तव्यात मोजले जात नाहीत. मात्र नकार आला आणि मूळ मुदत उलटलेली असली, तर विनाविलंब निघावे. मागितलेली तारीख उजाडेपर्यंत निकालच लागला नाही, तरीही परत यावे, हेच शहाणपणाचे.

अर्ज न करता राहिल्यास काय होते? मुदतीपुढे एक दिवस राहिले तरी तो १० वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो. १९९६ च्या कायद्यान्वये १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून परतलेल्यास ३ वर्षे, आणि वर्ष वा त्याहून अधिक राहिलेल्यास १० वर्षे प्रवेश बंद होतो. सत्तरीच्या माणसास १० वर्षे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही.

देशागणिक नियम निराळे आहेत. ब्रिटनमध्ये पाहुण्यास ६ महिने मिळतात आणि त्यापुढे सहसा वाढ नाही. युरोपच्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ऑस्ट्रेलियाच्या काही व्हिसांवर '८५०३' ही अट असते. ती असल्यास तेथे राहून मुदतवाढ मागता येत नाही. कॅनडात मुदत संपण्यापूर्वी किमान ३० दिवस अर्ज करावा; शिवाय तेथे आईवडील व आजीआजोबांसाठी 'सुपर व्हिसा' आहे, आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेस ५ वर्षे राहता येते. म्हणून एका देशातील शेजाऱ्याचा अनुभव दुसऱ्या देशात लावू नये. नियम बदलतातही, निघण्यापूर्वी त्या त्या सरकारची ताजी सूचना वाचावी.

बंधुभगिनींनो, पाहुणा तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर त्याची अक्कल निघते, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. परक्या देशाचेही म्हणणे याहून निराळे नाही. यजमानास विचारून राहिलेल्या पाहुण्यास पुन्हा दार उघडते. नातवाचे बारसे पाहिले. त्याची मुंजही पाहावयाची असेल, तर परतीची तारीख पाळावी. ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.